श्रीखंडाच्या डब्यातले पॉड आणि त्यातले उरलेले सेल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: मुलगी अकरा वर्षांची, टाइप वन मधुमेह. अमेरिकेतल्या मामाकडून तिच्यासाठी ऑम्निपॉड येतात, म्हणजे अंगाला चिकटवायचे, बाहेर लोंबती नळी नसलेले छोटे इन्सुलिन पंप. दर तीन दिवसांनी एक पॉड अंगावरून निघतो आणि तो टाकून द्यायचं जिवावर येतं. त्यामुळे कर्वेनगरच्या घरात श्रीखंडाच्या दोन मोठ्या डब्यांत मिळून सत्तरेक पॉड साठलेत. तुमच्या मिस्टरांनी एक सुरीने उचकटून पाहिला, तर आत तीन बटण सेल निघाले आणि मल्टिमीटरवर तिन्ही दीड व्होल्टच्या वर दिसले. आता हे सेल घड्याळात, रिमोटमध्ये, ग्लुकोमीटरमध्ये, दिवाळीच्या कंदिलात चालतील का? चार्ज होतील का? नसतील चालत, तर टाकायचे कुठे? शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की एक पॉड रात्री कपाटात वाजत राहिला आणि तो शेवटी फ्रीजरमध्ये टाकला. त्याबद्दलही सांगते, पण सगळ्यात शेवटी.

मी सत्तावीस वर्षं पुण्यातल्या लहान-मोठ्या हॉस्पिटलांची उपकरणं दुरुस्त केली. मॉनिटर, सिरिंज पंप, इन्फ्युजन पंप, हजारो ग्लुकोमीटर. आता निवृत्त आहे, पण सोल्डरिंगची बंदूक अजून टेबलावरच असते. चांगली वस्तू फेकताना माझाही हात अडतो, तेव्हा तुमच्या डब्यांना मी हसणार नाही. पण तुमचा खरा प्रश्न ‘सेलमध्ये किती वीज उरली आहे’ हा नाही. हा सेल मध्येच बंद पडला तर काय बिघडेल, हा खरा प्रश्न आहे. माझं पुढचं सगळं म्हणणं तिथूनच निघतं.

आधी हे सेल भरलेले का राहतात ते पाहू. पॉडमध्ये मोटर नसते. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची एक बारीक तार असते. वीज सोडली की ती तापून आखडते, गार झाली की पुन्हा सैल होते. त्या आखडण्याने एक दातेरी चाक एक घर पुढे सरकतं आणि ०.०५ युनिट इन्सुलिन आत जातं. पॉडची टाकी २०० युनिटची. म्हणजे पूर्ण टाकी रिकामी करायची तर तारेला ४००० वेळा झटका द्यावा लागतो, आणि प्रत्येक झटक्याला सेलमधून क्षणभर बराच करंट ओढला जातो. शिवाय फोनशी बोलणाऱ्या रेडिओला वीज लागते आणि अलार्मसाठी वेगळी शिल्लक हवी. पॉड ७२ तासांचा, वर ८ तासांची सवलत, आणि त्याआधी कित्येक महिने तो खोक्यात पडून राहिलेला असतो. बनवणाऱ्याला यातली सगळ्यात वाईट वेळ धरून सेल घालावे लागतात.

तुमची मुलगी दिवसाला पंचवीसेक युनिट घेते असं तुम्ही लिहिलंय. तीन दिवसांचे ७५ युनिट, म्हणजे १५०० झटके. ४००० ची तयारी करून आलेला सेल १५०० वर घरी बसतो. साठ युनिट घेणाऱ्या मोठ्या माणसाच्या पॉडमधला सेल त्याच तीन दिवसांत ३६०० झटके देऊन दमलेला असतो. म्हणून कुणी तुम्हाला ‘माझे सेल सगळे मेलेले निघाले’ म्हणालं तर तेही खरं आणि तुमचंही खरं. जो पॉड तास न् तास वाजत राहिला त्याचे सेल तर सोडूनच द्या.

आता तुमच्या मिस्टरांच्या मीटरबद्दल. दीड व्होल्टच्या वर दिसलं म्हणजे सेल जवळजवळ नवा, असा त्यांनी अर्थ काढला. इथे चांगले चांगले फसतात. एकाच मापाचे, ११.६ मिलिमीटर रुंद आणि ५.४ मिलिमीटर उंच, असे दोन वेगळे सेल मिळतात. एलआर४४ हा अल्कलाइन आणि एसआर४४ हा सिल्व्हर ऑक्साइड. अल्कलाइनचा व्होल्टेज वापराबरोबर हळूहळू उतरत जातो, त्यामुळे मीटर त्याच्याबद्दल थोडंफार खरं बोलतो. सिल्व्हर ऑक्साइडचा मात्र १.५५ ला जो बसतो तो बसतो. ऐंशी टक्के भरलेला असो की वीस टक्के, आकडा तोच, आणि शेवटी एकदम कोसळतो. घाटातला रस्ता आणि कडा यांच्यात असतो तसा हा फरक. म्हणून आधी सेलच्या पाठीवर काय कोरलंय ते भिंगाने वाचा. एसआर४४ किंवा ३५७ असं काही असेल तर तो सिल्व्हर ऑक्साइड. मॉडेलप्रमाणे आत काय घातलंय, किती घातलेत आणि ते स्प्रिंगच्या पट्टीत अडकवलेत की पट्टी वेल्ड केली आहे, हे बदलतं. त्यामुळे एका पॉडवरून सत्तर पॉडांचा अंदाज बांधू नका.

मी घरी तपासते ती पद्धत साधी आहे. सेलच्या दोन टोकांना ४७० ओहमचा रेझिस्टर लावायचा, पाच सेकंद थांबायचं आणि तो लावलेला असतानाच व्होल्टेज बघायचा. साधारण तीन मिलिअँपिअर करंट जातो, सेलला झेपेल इतकाच. १.४५ च्या वर टिकला तर ठेवायचा, १.३ च्या खाली गेला तर बाजूला टाकायचा, मधला असेल तर खेळण्यापुरता. हे माझे आकडे आहेत, कुठल्या पुस्तकातले नाहीत. यातून सेल किती दिवस चालेल ते कळत नाही, कड्याच्या अगदी टोकाशी आलेले तेवढे गळतात.

आता जिथे हे सेल मुळीच घालायचे नाहीत त्याबद्दल. ग्लुकोमीटर, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, कानाचं यंत्र, ग्लुकोजचा सेन्सर, दुसरा कुठलाही पंप, या सगळ्याला माझं साफ नाही आहे. तुमच्या ग्लुकोमीटरला बहुधा सीआर२०३२ लागतो. तो ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद आणि बिस्किटासारखा चपटा असतो. पॉडमधला सेल त्यात बसणारच नाही. पण ‘दोन सेल एकावर एक ठेवले की तीन व्होल्ट होतात’ असा जुगाड करणारे लोक मी पाहिले आहेत. एका रुग्णालयात वॉर्डमधल्या ग्लुकोमीटरमध्ये चांदीच्या कागदाची घडी घालून दोन बटण सेल कोंबलेले मला सापडले होते. यंत्र चालू होत होतं, पडदा उजळत होता, आणि रक्ताची पट्टी घातली की मध्येच बंद पडत होतं. सिस्टरने त्या रात्री तीन वेळा एकाच पेशंटचं बोट टोचलं. यंत्र बंद पडलं तर निदान कळतं तरी. रात्री अडीचला मुलीची साखर ५५ आहे की १५५ हे बघायचं असताना मीटर मेला, तर ते कळून तरी काय उपयोग? तिथे नवा सेल, तोही सीलबंद पाकिटातला. आणि एक सुटा पाकिटासकट मीटरच्या पिशवीत कायम ठेवा.

मग चालतील कुठे? जिथे सेल अचानक मेला तर कुणीतरी ‘अरेच्चा’ म्हणेल आणि विषय संपेल, अशा ठिकाणी. पहिलं नाव व्हर्निअर कॅलिपरचं, म्हणजे वर्कशॉपमध्ये जाडी-रुंदी मोजायच्या साधनाचं. डिजिटल कॅलिपरला एसआर४४ मनापासून आवडतो, कारण व्होल्टेज थोडा जरी उतरला तरी त्याचा पडदा लुकलुकायला लागतो. स्वस्त एलआर४४ घातला की दोन महिन्यांत लुकलुक सुरू. तुमच्या ओळखीत कुणी भोसरीला किंवा चाकणला वर्कशॉपमध्ये असेल, तर त्याला दहा चांगले सेल द्या, दुवा देईल. दुसरं म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांचा कॅसिओ एफएक्स ९९१ एमएस. त्यात सोलर पट्टीच्या जोडीला एक एलआर४४ असतो आणि तिथे एसआर४४ आरामात चालतो. फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी असला सेल घालू नये एवढं त्याला बजावून ठेवा. लेझर पॉइंटर आहे, जुना पेंटॅक्स के १००० सारखा फिल्मचा कॅमेरा कुणाकडे असेल तर त्याचा लाइट मीटर आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत सिल्व्हर ऑक्साइडचा सपाट व्होल्टेज खरोखर कामी येतो, कारण मीटरचं माप हलत नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचा विचार तुम्ही केलाय. तारा लावून करता येईल, पण हिशेब बघा. घड्याळातला पेन्सिल सेल साधारण २५०० मिलिअँपिअर-तासांचा (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं हे माप) आणि तो दीड वर्ष जातो. तुमच्या बटण सेलमध्ये उदार हाताने १०० उरलेत असं धरलं, तर घड्याळ तीन आठवडे चालेल. दर तीन आठवड्यांनी स्टूल घेऊन चढायचं. टीव्हीच्या रिमोटला बटण दाबलं की एकदम बराच करंट लागतो, तिथेही हे सेल लवकर माना टाकतात.

अजून एक हिशेब करते, कारण डबे साठवण्यामागे ‘केवढी ऊर्जा वाया चाललीय’ ही टोचणी असते. वर्षाला सुमारे १२२ पॉड, प्रत्येकी तीन सेल, म्हणजे ३६५ सेल, जवळपास रोज एक. प्रत्येकात १०० मिलिअँपिअर-तास उरलेत असं धरलं तर वर्षभराची सगळी उरलेली वीज ५५ वॅट-तास होते. महावितरणचं एक युनिट १००० वॅट-तासांचं. वर्षभर पॉड फोडून तुम्ही एका युनिटचा अठरावा भाग वाचवता, त्यावर नऊ वॅटचा बल्ब सहा तास जळेल. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दहा एलआर४४ ची पट्टी चार वडापावांच्या पैशात मिळते. हे ऐकून वाईट वाटलं असेल, पण मला वाटतं ओझंही थोडं उतरलं असेल. सगळे सेल वाचवलेच पाहिजेत असं नाही. उरलेल्या विजेपेक्षा तो सेल कचऱ्याच्या गाडीत न जाणं हे मोठं काम आहे.

ट्यूबवाले पंप वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. मेडट्रॉनिकच्या मिनिमेड ७८०जी सारख्या पंपात साधा पेन्सिल सेल असतो. पंप फार चोखंदळ. सेलमध्ये अर्धा जीव शिल्लक असतानाच तो ‘बदला’ म्हणतो, आणि त्याचं बरोबरच आहे. तो काढलेला सेल घड्याळात किंवा रिमोटमध्ये घाला, महिनो न् महिने चालतो. फोडणं नाही, सुई नाही, काही नाही. पुढेमागे तुम्ही पंप बदललात तर एवढं लक्षात ठेवा.

आता पॉड उघडण्याबद्दल, आणि इथे मी जरा चढ्या आवाजात बोलणार आहे. मिस्टरांनी सुरीने उचकटला म्हणालात. पॉड अंगावर अंघोळीत, पोहताना टिकावा म्हणून त्याचं कवच पक्कं बंद केलेलं असतं. सुरी घालून जोर लावला की ती एकदम सुटते आणि डाव्या हाताच्या तळव्यात जाते. त्याहून वाईट आत आहे. पॉड लावताना टच्‌कन आवाज होतो तेव्हा स्प्रिंगच्या जोरावर एक सुई त्वचेत शिरते, मऊ नळी आत सोडते आणि परत पॉडच्या पोटात जाऊन बसते. ती सुई तिथेच असते, रक्त लागलेली. आणि जो पॉड भरताना किंवा तयार होतानाच फेल गेला, त्यातली सुई अजून सुटलेलीच नसते, स्प्रिंग ताणलेली असते. असा पॉड कापलात तर सुई कधी आणि कुठल्या दिशेने येईल याचा नेम नाही. तेव्हा न लावता फेल गेलेले पॉड आधी वेगळे करा आणि ते कधीच उघडू नका.

दुसऱ्यांचे पॉडही उघडू नका. तुमच्यासारखे आणखी चार पालक ‘आमचेही घ्या’ म्हणून आणून देतील, प्रेमाने देतील. नको म्हणा. घरच्या मुलीची सुई टोचली तरी त्रासच, पण दुसऱ्याच्या सुईने हिपॅटायटिस बी ची भीती येते. आमच्या वर्कशॉपमध्ये एका पोराला इन्फ्युजन सेटमधली विसरलेली सुई टोचली होती. पुढचे सहा महिने तो दर तपासणीच्या आधी दोन रात्री झोपत नसे.

एवढं ऐकूनही उघडायचेच असतील, तर फक्त वापरून झालेले, पीडीएमवरून (पॉड चालवायच्या हातातल्या यंत्रावरून) किंवा फोनवरून बंद केलेले पॉड घ्या. मुलं आसपास नकोत. डोळ्यांवर गॉगल, हातात जाड मोजे. पॉड हातात धरायचा नाही, टेबलाच्या वाइसमध्ये (शिकंजात) धरायचा. ज्या टोकाला नळी दिसायची खिडकी आहे ते टोक वाइसच्या जबड्यात आणि तुमच्यापासून दूर. दुसऱ्या टोकाकडून बारीक करवतीच्या पात्याने कवचाची कड हळूहळू कापायची. खोल नाही, कवचापुरतीच, कारण आत सेल आहे आणि पातं सेलच्या दोन्ही बाजूंना टेकलं तर ठिणगी उडते. इन्सुलिनमध्ये क्रेसॉल नावाचं जंतुनाशक असतं, त्यामुळे दवाखान्यासारखा वास येईल. घाबरू नका, पण थेंब पुसून हात साबणाने धुवा. सेल निघाला की लगेच त्याच्या दोन्ही तोंडांवर सेलोटेप. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. मी स्वतः विसरले आहे. एकदा वीसेक चांगले सेल स्टीलच्या कुंकवाच्या डबीत टाकून ठेवले, रात्रभरात ते एकमेकांना आणि डबीला टेकून सगळे गार. सकाळी डबी मात्र कोमट लागली होती.

सेलला पट्टी वेल्ड केलेली असेल तर ओढून उपटू नका, पट्टी निपरने कापा. वेल्डच्या जागी पत्रा फाटला तर आतलं पोटॅशिअम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि ते त्वचा आणि डोळा दोन्ही जाळतं. त्याच कारणासाठी सेलवर सोल्डरिंग करायचं नाही. उष्णतेने आतली सील जाते आणि आठवड्याने सेल पांढरा पाझरू लागतो.

चार्जिंगचं उत्तर एका ओळीत: नाही. हे एकदाच वापरायचे सेल आहेत. उलटा करंट दिला की आत वायू होतो, सेल फुगतो, गळतो, कधी फुटतो. जुन्या बाजारात ‘सगळे सेल चार्ज करणारं यंत्र’ म्हणून काहीतरी मिळतं. घेऊ नका.

कंदिलाचं मात्र जमेल, थोडं जपून. पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात. तीन सेल एकापुढे एक जोडले की साडेचारच्या वर होतात, मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर घातला की पाच मिलिअँपिअरच्या आसपास करंट. सेल बरे असतील तर वीस तास, म्हणजे रोज पाच तास धरले तरी चार दिवस. तीन सेल मात्र एकाच पॉडचे घ्या आणि रेझिस्टर लावून सारखे निघालेले. एक दमलेला आणि दोन ताजे जोडले तर ताजे दोघे मिळून दमलेल्याला उलटा ढकलतात आणि तो गळतो. बाजारातल्या एलईडी पणत्यांमध्ये मात्र घालू नका, कारण बहुतेकींचं झाकण नखाने उघडतं आणि दिवाळीत घरात भाचरं येतात.

लहान मुलांचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबते. बटण सेल गिळणं हा प्रकार मी बालरोग विभागात प्रत्यक्ष पाहिला आहे आणि तो विसरता येत नाही. सर्वांत धोक्याचा २० मिलिमीटरचा लिथियम सेल, म्हणजे तुमच्या ग्लुकोमीटरमधला. तो अन्ननलिकेत अडकला की ओल्या भिंतीतून वीज वाहते, ऋण बाजूला अल्कली तयार होते आणि दोन तासांत भिंत जळायला लागते. सेल ‘मेलेला’ असला तरी एवढं करण्याइतका जीव त्याच्यात उरतो. पॉडमधला लहान सेल बहुतेक वेळा पोटात उतरतो, पण नाकात किंवा कानात घातला तर तोही जाळतो. शंका आली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जायचं आणि एक्स-रे काढायचा. उलटी करवायची नाही, खायला द्यायचं नाही. एकच अपवाद मधाचा. मूल वर्षावरचं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यायचा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी दुकान शोधत बसायचं नाही, घरात असेल तर घेऊन निघायचं.

दुसरा धोका घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असतो. तुमच्याकडे सासरे आहेत असं लिहिलंय. काढलेले सेल आठवड्याच्या गोळ्यांच्या कप्पेवाल्या डबीत ठेवायचा मोह होतो, कारण मापाला अगदी बरोबर बसतात. चष्मा न लावता सकाळची गोळी घेणाऱ्या आजोबांना तो सेल आणि गोळी यातला फरक कळत नाही. सेलची डबी वेगळी, झाकण फिरकीचं, जागा उंच कपाटात.

आता टाकण्याबद्दल. अख्खा पॉड ओल्या कचऱ्यात नाही, सुक्या कचऱ्यात नाही आणि ई-कचऱ्याच्या पेटीतही नाही. आपल्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारातून कचरा घेतात आणि पुढे तो हाताने निवडतात. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यात त्यांनीच रुजवली, ती त्यांच्या हातांसाठीच. पण तो ठिपका सुईवाल्या वस्तूला पुरत नाही. सुईसाठी जाड प्लास्टिकची बाटली घ्या, फिनेलची किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची, बोटाने दाबून चेपणार नाही अशी. पॉड, लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), इन्सुलिन पेनच्या सुया सगळं तिच्यात. तीन चतुर्थांश भरली की झाकण लावून टेप फिरवायची, वर मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहायचं. पॉडचा आकार पाहता बाटलीचं तोंड रुंद हवं, त्यामुळे तुमचे श्रीखंडाचे डबे दाबून चेपत नसतील तर तेही चालतील, फक्त झाकण नीट टेपने बंद करा. मग जिथे मुलीची ट्रीटमेंट चालू आहे त्या हॉस्पिटलमध्ये विचारा. त्यांच्याकडे सुयांसाठी पांढरे, न टोचणारे डबे असतातच आणि जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येतेच. कुणी घेतात, कुणी नियम दाखवतात. पुढच्या तपासणीला जाताना डायबिटीस एज्युकेटरला आधी फोन केलात तर सहसा मार्ग निघतो. नाहीच निघाला तर घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यायचा, आणि घेणाऱ्या ताईंना तोंडाने सांगायचं की आत सुया आहेत.

वेगळे काढलेले सेल मात्र ई-कचऱ्यात देता येतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी आता बटण सेलही कक्षेत आलेत. त्याआधीचे २००१ चे नियम शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते. नव्या नियमांनुसार सेल इतर कचऱ्यात न मिसळणं हे वापरणाऱ्याचंही काम आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ आणि पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था ई-कचरा गोळा करतात. सोसायटीच्या ग्रुपवर पुढची तारीख विचारा. देताना प्रत्येक सेलवर टेप आहे ना ते बघा. आणि सिल्व्हर ऑक्साइडमध्ये खरोखर चांदी असते हे कळल्यावर कुणी ‘घरीच काढू’ म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ते आम्ल आणि तो धूर स्वयंपाकघरात नको.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? सत्तरपैकी सहा-सात पॉड, सगळे नीट वापरून संपलेले, एका रविवारी मिस्टरांना वाइस आणि गॉगलसकट गॅलरीत बसवून उघडून घेतले असते. वीसेक सेल निघतील, तपासून चौदा-पंधरा उरतील. त्यातून एक कंदील, एक कॅल्क्युलेटर आणि मुलीच्या विज्ञान प्रदर्शनाला एक ‘ज्यूल थीफ’. तुम्ही सातवीच्या प्रदर्शनाचं लिहिलंय म्हणून हे सुचवते. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेल्या दोन तारा आणि एक एलईडी, एवढ्यात काम होतं. दीड व्होल्टच्या एकाच सेलवर तीन व्होल्टचा एलईडी पेटतो आणि सेल ०.६ व्होल्टपर्यंत पिळून निघतो. साहित्य तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. सेल होल्डरमध्येच घाला आणि होल्डरला स्क्रूचं झाकण लावा. बाकीचे त्रेसष्ट-चौसष्ट पॉड न उघडता हॉस्पिटलला. आणि इथून पुढे डबा भरू द्यायचा नाही. दहा झाले की रवाना.

आता तो वाजणारा पॉड. फ्रीजर हा उपाय जगभर लोक करतात. थंडीने सेल बधिर होतो आणि आवाज थांबतो, पण बाहेर काढल्यावर पुन्हा ओरडायला लागू शकतो. आणि सुई असलेली वस्तू आइस्क्रीमशेजारी कशाला? पॉड अंगावरून काढलेला आहे याची खात्री करा. तो उलटा करा, चौकोनी टोकाकडचा चिकटपट्टीचा भाग सोला. सोनेरी गोल ठिपका दिसेल, त्याच्या उजवीकडे नखाला मऊ लागणारी प्लास्टिकची जागा आहे. पेपरक्लिप सरळ करून तिथे जोराने दाबा, पातळ पडदा फुटतो आणि आवाज बंद होतो. पॉड टेबलावर ठेवून दाबा, तळहातावर ठेवून नको. आणि आधी फ्रीजरमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, गार प्लास्टिक तडकतं.